पांढऱ्या रंगाचा उन्हाळा

नळाचं पाणी लांबायला लागलं की मला थिनरचा वास येतो. घरात थिनर नसतं, शेजारी गॅरेज नाही, तरी येतो. आधी एक-दोन दिवसांआड येणारं पाणी आठवड्यावर जातं, मग नगरपालिकेचा माणूसही नक्की काही सांगेनासा होतो, आणि एखाद्या दुपारी भांड्यांच्या पाण्यात हात घातला की तो वास नाकात भरतो. गोडसर, डोक्यात चढणारा, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा असतो तसा. डॉक्टरला सांगितलं तर तो नाकाच्या तपासण्या लिहून देईल, म्हणून मी कुणाला सांगत नाही.

यंदा उदगीरला पुन्हा तसा उन्हाळा आलाय आणि त्याच्या जोडीला जिल्ह्याची गोष्टही आली आहे. चौकातल्या टपरीवर रोज सकाळी उदगीर जिल्हा होतो आणि संध्याकाळपर्यंत मोडतो. माझे भाडेकरू मोठ्या उमेदीनं सांगतात, "मॅडम, एकदा का जिल्हा झाला, मग बगा. हापिसं येतेत, नोकऱ्या येतेत. आपली पोरं कामून बाहेर जातेल?" मी त्यांना "येऊ द्या बाबा" म्हणते. त्यांच्या उत्साहावर पाणी ओतण्यात अर्थ नाही, आणि पाणी तरी कुठं आहे. पण मी एक जिल्हा होताना बघितलेला आहे.

तो लातूर जिल्हा. तेव्हा मी डी.एड. करून नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. आमचा तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आला. उस्मानाबादला एका कागदासाठी जायचं म्हणजे वळकटी बांधायची तयारी. आता सकाळी लातूरला जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी. लोकांनी पेढे वाटले. पुढच्या एका वर्षी पाऊस कमी झाला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून कमी. लातूरला नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि इकडे आमच्या विहिरींचे तळ दिसायला लागले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि एकीला दुसरीचं काही सोयरसुतक नव्हतं.

आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत होती. त्या साली ज्वारी नाही, तूर नाही, करडई नाममात्र. तरी अप्पा रोज पहाटे लिंगपूजा करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, धुतलेली टोपी घालून दुकानात जाऊन बसायचे. दुपारी मी डबा घेऊन गेले की ते रिकाम्या बारदानाच्या घड्या घालत बसलेले दिसायचे. आदल्या दिवशीच्या घड्या मोडायचे आणि पुन्हा घालायचे. डबा ठेवून मी लगेच निघायची, कारण तिथं थांबलं तर काय बोलावं ते समजायचं नाही.

घराच्या मागं पत्र्याची शेड होती. सुगीत तिथं पोत्यांची थप्पी लागायची आणि एरवी अप्पांची ॲम्बॅसॅडर उभी असायची. बिदरच्या एका डॉक्टरांनी म्हातारपणी विकायला काढली, ती अप्पांनी घेतली होती. गडद निळी, जांभळाकडे झुकणारी. गल्लीतल्या कितीतरी नवऱ्या तिच्यात बसून रडत सासरी गेल्या. मागच्या सीटला हळदीचा डाग होता आणि तो कशानंही निघत नव्हता. मोंढा बसला तशी गाडीही बसली. टपावर अव्वानं गोधड्या रचून ठेवल्या होत्या. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्यात कानडी वळणानं आईला अव्वा म्हणतात.

माझा मोठा भाऊ बसवराज. मी त्याला अण्णा म्हणते, अव्वा बसू म्हणायची. कॉलेज अर्ध्यात सोडून तो नांदेडला एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकून आला होता, आणि हे शिक्षण अप्पांनी कुठल्याही पाहुण्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या फाल्गुनात एका संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. लातूरला नव्या कचेऱ्यांना गाड्या कमी पडतात, भाड्यानं घेतात, साहेब लोकांना पांढरीच गाडी लागते. आपली रंगवतो आणि मीच चालवतो.

अप्पांचा घास हातात राहिला. "अडत्याचं पोरगं साहेबाच्या गाडीचं दार उघडणार?"

"न्हाई तर पुण्याला जातो. दोस्त तिकडं कंपनीत लागलाय. बोलवून राहिलाय."

"जा की मग."

अव्वा भाकरी थापत होती. ती नवऱ्याच्या आणि मुलाच्या बोलण्यात सहसा पडायची नाही. त्या दिवशी तिनं तव्यावरची भाकरी उलटली, हात झटकले आणि म्हणाली, "गाडी रंगवा. माझा भाऊ सोलापूरला गिरणीत गेला, तो पाव्हणा झाला. दिवाळीला येतो, चा पितो, जातो. माझ्या पोराचं तसं होऊ द्यायची न्हाई मी." अप्पांनी हातातला घास तोंडात घातला. मला आजही वाटतं, आमच्या घरात तेवढा एकच निर्णय अव्वानं घेतला.

गाडी रंगवायला पाणी लागतं, हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. जुना रंग खरवडायचा, खळग्यांत पुट्टी भरायची, ती वाळली की पाण्याच्या कागदानं घासायची. तो काळा खरखरीत कागद कोरडा चालत नाही; सतत पाणी सोडत, गोल नाही तर सरळ रेषेत, तळहातानं घासत राहायचं. मग प्रायमर मारायचा आणि पुन्हा घासायचं. अण्णाच्या नांदेडच्या गॅरेजात नळाला रबरी पाईप लावून हे काम चालायचं. आमच्याकडे टँकर गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि हंड्याला हंडा आपटायचा.

अव्वानं त्यावर तोड काढली. तिनं घरातल्या पाण्याला क्रम लावून दिला. लिंगपूजेचं तेवढं निराळं. बाकी कुठलंच पाणी एकदा वापरून सुटायचं नाही. दुष्काळात आमच्याकडे बाजेवर बसून आंघोळ करायची रीत होती. बाजेच्या सुंभातून पाणी खाली ठेवलेल्या घमेल्यात पडायचं. ते पाणी एका मोठ्या टोपात निवळत ठेवायचं, मग वरचं नितळ पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं दारातल्या लिंबाला. आता मधे गाडी आली. आमच्या चौघांच्या आंघोळीचं पाणी शेडमध्ये जायला लागलं आणि दारातला लिंब वाळायला लागला. अव्वा त्याच्याकडे बघायची नाही.

मीही घासायला बसायची. अप्पा दुकानात गेले की अव्वाही यायची. पदर खोचून, एक पाय दुमडून ती गाडीच्या दारापाशी बसायची आणि घासायची. तिचा हात आम्हा दोघांपेक्षा चांगला होता. जन्मभर चूल पोतारलेला हात, त्याला उंचसखल लगेच कळायचं. मधेच डोळे मिटून पत्र्यावरून बोटं फिरवायची आणि म्हणायची, "हितं अजून हाय." अण्णा बघायचा तर खरंच तिथं पुट्टीचा उंचवटा असायचा. घासलेल्या पुट्टीच्या करड्या लोण्याचे ओघळ तिच्या कोपरापर्यंत यायचे. ते आठवडे अव्वा गुणगुणत होती. उभा मोंढा ओस पडलेला, घरात प्यायच्या पाण्याला झाकण लावून ठेवलेलं आणि ती बाई गुणगुणत होती. मुलगा दिवसभर डोळ्यांसमोर होता, तिला दुसरं काही नको होतं.

भाचेमंडळींना फोनवर आता हे सांगते तेव्हा ते विचारतात की मग तुम्ही गाडी धुवायच्या दुकानात का नाही नेली. त्यांचं चुकत नाही. आमच्याकडे तेव्हा काय नव्हतं याची यादी फार मोठी आहे आणि ऐकणाऱ्याला तिचा कंटाळा येतो.

रंग मारायच्या आदल्या दिवशी शेडचं दार बारदानानं बंद केलं. घरात दुसरं काही नसलं तरी रिकामी पोती मुबलक होती. ती ओली करून टांगली म्हणजे धूळ अडते. वारा असा सुटायचा की तोंडात सतत माती कचकचायची. अण्णानं उसना कॉम्प्रेसर आणून ठेवला होता. पहाटे वारा पडलेला असतो आणि लाईटही असते, तेव्हा मारायचं ठरलं. त्याआधी गाडी शेवटची एकदा स्वच्छ पाण्यानं पुसून घ्यायची होती. हा शेवटचा हात स्वच्छ पाण्याचाच लागतो, अण्णाला ते माहीत होतं. अव्वानं न सांगता प्यायच्या पाण्याची घागर उचलून त्याच्यापुढं ठेवली.

अण्णानं ती मागं सारली. "प्यायचं पाणी पत्र्याला घालू व्हय? न्हाई."

"पी की उद्या. एक दिवस न्हाई प्यालं तर काय मरतंय कुणी?"

"न्हाई म्हनलो ना, अव्वा."

तेव्हा ती आत गेली आणि दुसरा टोप घेऊन आली. त्यात तिचं स्वतःचं सकाळचं आंघोळीचं पाणी होतं. दिवसभर निवळलेलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं. वरून बघितलं तर तळ स्वच्छ दिसत होता. "हे घे मग. हे कुणी पीत न्हाई." अण्णानं त्यात फडकं बुडवलं आणि सगळी गाडी पुसली, टपापासून बोनेटपर्यंत, मन लावून. त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी अव्वा केसांना करडईचं तेल चोळून मगच नहायची.

पहाटेचं ते दृश्य मला नीट आठवतं. एक पिवळा बल्ब, तोंडाला फडकं बांधलेला अण्णा, कॉम्प्रेसरची धडधड, थिनरचा वास आणि गनमधून निघणारा पांढरा फवारा. निळी गाडी हळूहळू दिसेनाशी झाली. बोनेटवर एके ठिकाणी रंग नीट बसेना. बारीक बारीक गोल टिपके पडले, रंग तिथून बाजूला सरत होता. "धूळ असंल," अण्णा म्हणाला आणि त्यानं वरून आणखी एक हात दिला. टिपके झाकले गेले. ताग उडून दोन ठिकाणी चिकटला तो मी चिमट्यानं काढला. उजाडल्यावर पोती बाजूला केली तर शेडमध्ये साहेबाची गाडी उभी होती.

अप्पा पूजा करून आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "बरी दिसते," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ होतं. मग कपाटातून किल्ली आणून त्यांनी स्वतः अण्णाच्या हातात दिली आणि दुकानात न जाता त्या दिवशी ओट्यावरच बसून राहिले.

लातूरला गाडी पसंत पडली. एका नव्या कचेरीतले साहेब फिरतीला ती वापरायला लागले. अण्णा आठवडाभर तिकडे राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. शनिवारी अव्वा दुपारपासून रस्त्याकडे कान लावून असायची. आला की त्याला जेवायला वाढून पुढ्यात बसायची आणि साहेबाबद्दल विचारायची: साहेब काय खातो, साहेबाला मुलं किती, साहेब तुला जेव म्हणतो का. अण्णा साहेबाची नक्कल करून दाखवायचा. अप्पा पेपराआडून हसायचे. दुष्काळ होता, पण आमच्यापुरता तो दाराबाहेर थांबल्यासारखा झाला होता, असं मला वाटलं आणि तसं वाटल्याची मला मग फार चीड आली.

वैशाखात उन्हानं पत्रा तापायला लागला आणि बोनेटवर फोड आले. आधी मसुराएवढे, मग मोठे. फुटले की रंगाचे पापुद्रे सुटायचे आणि खालून करडा, काही ठिकाणी निळा दिसायचा. अण्णानं दोनदा डागडुजी केली, पण शेजारी नवे फोड यायचे. दौऱ्यावर गेलं की गावातली माणसं गाडीभोवती जमून पापुद्रे नखानं उचकटून बघायची. साहेब भला माणूस होता, बरेच दिवस काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "बसवराज, वरून पाहुणे येतात, ह्या गाडीतून कसं न्यायचं त्यांना?" दुसऱ्या कुणाची तरी गाडी लागली.

अण्णा भर दुपारी, वार शनिवार नसताना, घरी आला. गाडी थेट शेडमध्ये नेली. मी मागोमाग गेले. त्यानं बोनेटवरचा एक मोठा पापुद्रा सोलून मला दिला. "बोट फिरीव आतून." आतली बाजू बुळबुळीत लागली. त्यानं विचारलं, "कळलं का?" मला कळायला वेळ लागला. पाण्यावर तेल तरंगतं, हे मी शाळेत मुलांना शिकवणार होते. निवळून गाळलेल्या पाण्यातून ते जात नाही, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला कळलं तेव्हा माझी नजर कोपऱ्यातल्या अव्वाच्या टोपाकडं गेली.

"अव्वाला सांगायचं न्हाई," अण्णा म्हणाला. "कधीच न्हाई. माझी आन हाय तुला."

अव्वाला त्यानं सांगितलं की साहेबाची बदली झाली. नव्या साहेबानं स्वतःची गाडी आणली. अव्वानं त्या न बघितलेल्या नव्या साहेबाला कानडीत भरपूर शिव्या दिल्या. मग म्हणाली, "मग गाडी परत रंगीव. दुसरा कोणी साहेब बगू." अण्णानं माझ्याकडं बघितलं. पुन्हा रंगवायचं तर सगळं मुळापासून खरवडायचं, आणि टोपात तेच पाणी. शिवाय पावसाचं नावच नव्हतं आणि अप्पांकडे रंगाला पैसे मागायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं. ज्येष्ठ संपता संपता तो पुण्याच्या गाडीत बसला. अव्वा स्टँडवर आली होती. तिनं त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, "नवा साहेब आला की ये." तो हाव, म्हणजे हो, म्हणाला.

बदलीची ती थाप फार महागात पडली. खरं कळलं असतं तर अव्वा एकदाच रडली असती आणि संपलं असतं. साहेबांच्या बदल्या मात्र संपत नाहीत. दरवर्षी उन्हाळ्यात ती मला विचारायची, "नंदा, लातूरला नवा साहेब आला का गं? बसूला कळीव." आधी मी म्हणायची बघते. पुढं पुढं म्हणायची, आला पण त्यालाही गाडी आहे. अण्णाचं लग्न झालं, पुण्यात घर झालं, मुलं झाली, त्यांना मराठवाड्यातला उन्हाळा सोसेना. गाडी कंधारच्या एका भंगारवाल्यानं ओढून नेली. अप्पा गेले. तरी अव्वाचा साहेब येतच राहिला. अण्णा दिवाळीला यायचा, चहा प्यायचा, जायचा. त्याच्यासाठी ती नवी कपबशी काढायची, पाहुण्यांची. ते तिच्या लक्षात आलं होतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आणि मी इथंच होते. मला उदगीरच्याच शाळेत नोकरी लागली, लग्नाचं राहून गेलं, अप्पांचं आजारपण, अव्वाचं म्हातारपण, टँकरची रांग, शेवटच्या वर्षी तिला बाजेवर बसवून घातलेल्या आंघोळी, हे सगळं मी केलं. ही तक्रार नाही, किंवा असेलही. मूल जवळ राहावं म्हणून त्या बाईनं एवढा आटापिटा केला आणि एक मूल शेवटपर्यंत जवळच होतं. पण तिच्या लेखी ते राहण्यात जमा नव्हतं. लेक म्हणजे जाणारीच, ती गेली नाही एवढंच.

अव्वा गेली त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. आमच्यात दहन नाही, बसवून माती देतात. उदगीरजवळच्या आमच्या शेतात अप्पांना बसवलंय, त्यांच्या शेजारी अव्वाला जागा केली. तिच्या पलीकडची तेवढीच जागा वाटेकऱ्यानं कितीतरी वर्षं न पेरता सोडलेली होती. अव्वानंच त्याला बजावून ठेवलं होतं, ही बसूची, इथं नांगर घालायचा नाही. सगळे गेल्यावर मी आणि अण्णा तिथं उभे होतो. चिखलात त्याचे बूट रुतले होते. त्याचेही केस पांढरे झालेत.

"ही जागा तुझी हाय, अण्णा," मी म्हणाले. "अव्वानं ठिवलीय."

त्यानं तिकडं बघितलं. त्याची बोली आता पुण्याची झाली आहे, पण त्या वेळी इथली आली. "मला कोण आणतंय इथवर, नंदा. पोरं तिकडंच काय ते उरकतेल. विजेचं हाय तिकडं, लवकर होतंय." मग रुमालानं बुटावरचा चिखल पुसत, वर न बघता म्हणाला, "तूच घे ती. तू राह्यलीस."

मी हाव म्हणाले. मी राहिले, असं मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.